मिरचीचे महिने

२८ फेब्रुवारी २०११, सोमवार. रात्री म्हापशाच्या बसस्थानकावरून शेवटच्या गाड्या सुटल्या आणि आमचे काम सुरू झाले. मी गोव्यातल्या बार्देश तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक, त्या महिन्यात जनगणनेचा प्रगणक. ९ तारखेपासून घरोघर फिरून झाले होते. ही एक रात्र घर नसलेल्यांसाठी राखून ठेवलेली असते. देशभर त्यांची मोजणी एकाच रात्री होते, कारण आज इथे झोपलेला माणूस उद्या कुठे असेल ते कोण सांगणार?

निघताना एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले होते, "कामाच्या रकान्यात सगळ्यांना ‘भिकारी’ घाल, बाराच्या आत घरी पोचशील." तशी वर्गवारी अर्जात खरोखरच होती. काम न करणाऱ्यांमध्ये विद्यार्थी, घरकाम करणारे, अवलंबून असलेले, पेन्शनर आणि भिकारी. मीही तेच करणार होतो. हे लपवून उपयोग नाही.

बाजाराच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर एक आजी जागी बसली होती. अंगाखाली बारदान, उशाशी लुगड्यात बांधलेले गाठोडे.

"आजी, जनगणनेचं काम आहे. थोडं विचारू?"

"माझ्याकडे कागद नाय हां," ती लगेच म्हणाली.

"कागद नको. तुम्ही सांगाल ते मी लिहिणार."

तिला ते खरे वाटेना. गोवा सरकारच्या दयानंद योजनेच्या पेन्शनीसाठी गोव्यात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा लागतो. तिने त्यासाठी खेपा घातल्या होत्या आणि दर खेपेला घराचा नंबर विचारला गेला होता. जनगणनेत पुरावा मागायचाच नसतो. माणूस सांगेल ते लिहायचे, एवढाच नियम. ते पटल्यावर ती सरसावून बसली.

नावानंतरचा प्रश्न कुटुंबप्रमुखाशी नाते. एकटे माणूस असले तर तेच प्रमुख. "म्हणजे मी?" असे विचारून ती थोडा वेळ गप्प राहिली. मातृभाषा विचारली तर म्हणाली, "मालवणी." आमच्या गोव्यात मराठी की कोकणी यावरून किती वाद झालेत ते सर्वांना ठाऊक आहे. माझा हात ‘मराठी’कडे वळत होता हे कबूल करतो. पण सूचना स्पष्ट होती, माणूस जे नाव सांगेल तेच. ‘मालवणी’ लिहिले.

जन्म सावंतवाडीकडचा. जन्मतारीख माहीत नाही.

"गोव्यात कधी आलात?"

"लगीन होऊन इलंय. दोन पानांच्या वर्सा."

कळायला मला क्षणभर लागला. जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, नको त्यांनी दोन पानांवर. त्याच वर्षी वैशाखात लग्न, वय बावीस. आई लवकर गेलेली, पाठच्या भावंडांना वाढवण्यात थोरलीचे लग्न लांबले होते. म्हणजे वय ६५, गोव्यात पुरी ४३ वर्षे. स्थलांतराचे कारण: लग्न. नवरा वारला. भाड्याची खोली होती ती जागा मालकाने विकली. हे तिने दोन वाक्यांत उरकले, मीही खोदून विचारले नाही.

मग काम. मी तोंडातल्या तोंडात ‘भीक’ म्हटले असावे.

"भीक? मी भीक मागूक नाय कधी. मिरचेचे देठ काढतंय."

तिने बोटे पुढे केली. बॅटरीच्या उजेडात टोके लालसर दिसत होती, नखांच्या कडा फाटलेल्या. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केले तर माणूस ‘मुख्य काम करणारा’, कमी केले तर ‘सीमांत’. मी महिने मोजायला सांगितले. इंग्रजी महिने तिच्या हिशेबात नव्हतेच. शिमगा सरला की हरमलची मिरची येते. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी मृगापर्यंत चालते, तोवर देठ काढायचे. तीन महिने. आषाढात काही नाही. श्रावणापासून चवथीपर्यंत फुलांच्या माळा आणि माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या मांडवीच्या, सामानाच्या जुड्या. चार. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत झेंडू. पाच.

"पाचच होतात, आजी."

"राव जरा, मास्तरांनू." तिने पुन्हा पेरे मोजले. नाताळाला एका दुकानामागे नारळ खवून द्यायचे आणि लगोलग बोडगेश्वराच्या जत्रेत खाज्याच्या दुकानावर भांडी घासायची. तो एक महिना मी धरलाच नव्हता. सहा भरले. वर काही दिवसही उरले.

मुलांच्या प्रश्नाला मी घाबरत होतो. जिवंत जन्मलेली किती? चार. त्यातली आज हयात?

"एक असा."

"कुठे असतो?"

"खंय असा ता माका ठावक नाय. पण असा म्हणान लिवा."

मी १ लिहिला. अर्ज यंत्र वाचणार, आकडा चौकटीबाहेर जाता कामा नये, असे प्रशिक्षणात बजावले होते. तो आकडा मी फार सावकाश काढला.

उठताना तिने विचारले, "मास्तरांनू, ह्येचो एक कागद माका देशात? ४३ वर्सां लिवलास ना?"

देता आला नसता. १९४८ च्या जनगणना कायद्याने ही माहिती गोपनीय असते, आणि दिवाणी दाव्यात किंवा कोर्टात पुरावा म्हणूनही ती चालत नाही. तिच्या शब्दावर विसंबून सरकारने लिहून घेतलेली ती ४३ वर्षे तिला दाखवायला उपयोगाची नव्हती. मी तिला हे जसेच्या तसे सांगितले. प्रोव्हेदोरियाच्या, म्हणजे गोव्यातल्या सरकारी मदतसंस्थेच्या, वृद्धाश्रमाबद्दलही बोललो. "थय मिरची असा?" तिने विचारले. मी नाही म्हटले.

"मगे निदान वाचून तरी दाखवा."

रात्रीच्या साडेबाराला मी तो अर्ज तिच्या नावापासून वाचायला लागलो. बाजूला पुठ्ठ्यावर झोपलेला एक माणूसही कोपरावर टेकून ऐकू लागला. ‘मुख्य काम करणारी’ इथे आलो तेव्हा तिने हात वर करून मला थांबवले आणि त्या माणसाकडे वळून म्हणाली, "आयकलंस?"

मी ती ओळ परत वाचली.