कराडची धावपट्टी आणि आप्पांचे प्रश्न

साताऱ्याहून कराड तासाभराचा रस्ता. नागठाणे, उंब्रज मागे टाकत आप्पांना घेऊन वारुंजीच्या विमानतळाकडे निघालो. माझं अमेरिकेतलं खूळ, म्हणजे चौघांत मिळून घेतलेलं हवाई कसरतींचं विमान, त्यांना विमान बघतच समजून घ्यायचं होतं. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत.

कोयना धरणाच्या कामासाठी १९५०च्या दशकात झालेली ही धावपट्टी. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून कुंपणाबाहेरच उभे राहिलो. एक सेस्ना, म्हणजे छोटं विमान, धावपट्टीभोवती फेऱ्या मारत होतं.

"आसलंच का तुझं?"

नाही. आमचं स्कायबोल्ट. डेन्व्हरच्या लॅमर स्टीन या शाळामास्तराने घरी बांधता यावं म्हणून आखलेलं, १९७० साली पहिल्यांदा उडालेलं. एकावर एक दोन पंख, वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंखांवर कापड. आप्पा "कापड?" म्हणाले आणि गप्प झाले. मग त्यांना कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवले आणि जरा धीर आला.

सेस्नाला पुढे चाक, आमच्याला शेपटीला. वजन मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे जमिनीवर ते गर्रकन फिरू बघतं. उसाची ट्रॉली रिव्हर्स घेताना जशी वाकडी होते, तसंच. माझ्या मते कसरतींची खरी फी इथेच भरावी लागते. लोक मात्र लूपचंच, म्हणजे हवेत उभा गोल मारण्याचंच, विचारतात. लूपमध्ये साधारण चार जी, म्हणजे वजनाच्या चौपट जोर, लागतात, सत्तर किलोचा माणूस दोनशे ऐंशीचा होतो, बस्स.

त्याआधी स्पिन शिकायचा. विमान गरगरत खाली निघालं की हात आपसूक स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, मागे ओढतात, आणि तेच नडतं. थ्रॉटल (इंजिनाचा जोर) बंद, स्टिक डावी-उजवीकडे न झुकवता मध्ये, फिरण्याच्या उलट रडर (शेपटीचं सुकाणू, पायाने चालवायचं), मग स्टिक पुढे. गरगर थांबली की रडर सोडायचा आणि हळूच वर काढायचं. अमेरिकेतल्या नियमाने हे सगळं जमिनीपासून दीड हजार फुटांच्या वर.

आप्पांना यातलं काही विशेष वाटलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच: "पासिंग कोण करतं?"

दर बारा महिन्यांनी तपासणी. ज्याने बांधलं त्याला सहीचा परवाना मिळू शकतो; आम्ही चौघांनी तयार विमान घेतलंय, त्यामुळे परवानाधारक मेकॅनिक गाठावा लागतो. हँगरचं भाडं, विमा, तपासणी हे चौघांत समान. पेट्रोल आणि इंजिनाच्या तासांचे पैसे उडवेल त्याचे. शिवाय पोटाखालचं तेल पुसून ठेवायचं, यावरून मात्र अजून कुरबुरी होतात. एकट्याला हे परवडलंच नसतं.

"आन् मोडलं तर?"

लिहून घेतलंय. ज्याच्या हातून मोडेल, विम्याने न भरलेला खर्च त्याचा.

"हे बरं केलंसा," आप्पा म्हणाले. "स्टँपवर हाय न्हवं?"