दहावा भिडू

डोटा २ या ऑनलाइन संगणकीय खेळात पाच जणांचा संघ असतो आणि त्यातला एक जण नवखा असला, तर उरलेले चौघे केवळ एका माणसाची मदत गमावत नाहीत. आपला गडी मारला गेला की मारणाऱ्याला सोने आणि अनुभव मिळतो, त्या सोन्यातून तो अधिक चांगल्या वस्तू विकत घेतो आणि पुढच्या वेळी आपल्यापैकी आणखी कुणाला तरी अधिक सहजपणे मारतो. सामना अनेकदा चाळीस मिनिटे चालतो, तो अर्ध्यावर सोडणाऱ्याला शिक्षा होते, आणि खेळाडूला निवडता येणाऱ्या शंभराहून अधिक पात्रांपैकी, म्हणजे नायकांपैकी, कुणाची कोणती शक्ती केव्हा घातक ठरते हे कळायलाच कित्येक महिने जातात. त्यामुळे अनुभवी खेळाडूला राग येतो हे मी नाकारत नाही. त्या रागाचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. परंतु राग येणे वेगळे आणि सामना संपेपर्यंत तो एका अनोळखी मुलावर काढत राहणे वेगळे. हा फरक आम्हा खेळाडूंच्या जगात जवळजवळ कुणी पाळत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

माझा एक भाचा काही काळ माझ्याबरोबर हा खेळ खेळत असे आणि पुढे तो एकट्याने सामने शोधू लागला. ‘बॉट’ (यंत्रासारखा बिनडोक खेळणारा) आणि ‘फीडर’ (वारंवार मरून शत्रूला सोने पुरवणारा) ही विशेषणे त्याच्या लवकरच अंगवळणी पडली आणि त्यांचे त्याला फारसे काही वाटेनासे झाले. मात्र एका सामन्यात त्याच्याच संघातील खेळाडू, तो नकाशावर नेमका कुठे लपला आहे, हे प्रतिस्पर्ध्यांना लिहून कळवू लागले. त्यानंतर त्याने हा खेळ सोडला. हरणे त्याला सोसत नाही असे मुळीच नाही; बुद्धिबळात तो आजही माझ्याकडून हरतो आणि लगेच पुन्हा पट मांडतो.

असे वागणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो. हा नवखा आमच्या सामन्यात आलाच कसा, आमची रँक, म्हणजे कौशल्यानुसार ठरणारी श्रेणी, याच्यामुळे अडून राहिली आहे, असे ते म्हणतात. या म्हणण्यात काही तथ्य असते तर मी ते मान्य केले असते, परंतु खेळाडूंच्या गुणांकावरून सामन्यासाठी संघ कसे जुळवले जातात हे पाहिले की ते टिकत नाही. या सगळ्या पद्धतींचे मूळ बुद्धिबळात आहे. आर्पाद एलो यांनी तयार केलेली गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली, आणि पुढे मार्क ग्लिकमन यांनी ‘ग्लिको’ पद्धतीत खेळाडूच्या गुणांकाबरोबरच तो गुणांक किती अनिश्चित आहे हेही मोजण्याची सोय केली. डोटा २ ने २०२३ मध्ये हीच पद्धत घेतली. नवख्याबद्दलची अनिश्चितता मोठी असल्यामुळे त्याच्या बाबतीत यंत्राचा अंदाज चुकू शकतो, हे खरे. मात्र ही चूक कुणा एकाच्या विरोधात होत नाही. तुम्ही स्वतः नवखे नसाल, तर अशा खेळाडूला बसवण्यासाठी तुमच्या संघात चार जागा असतात आणि समोरच्या संघात पाच. पुरेसे सामने खेळल्यावर नवखा माणूस तुमच्या विरुद्ध बाजूला थोडा अधिकच वेळा आलेला असतो. त्या सामन्यांत मिळालेले गुण मात्र प्रत्येक जण आपल्या कौशल्याच्या खात्यावर मांडतो. शिवाय डोटा २ मध्ये रँकचे सामने सुरू होण्यापूर्वी सुमारे शंभर तास साधे सामने खेळावे लागतात, आणि ज्यांत रँक पणाला लागलेलीच नसते अशा त्या साध्या सामन्यांतही नवख्याचा छळ चालू असतो.

मग हे कशामुळे होते? माझ्या मते, नवख्या खेळाडूची गरज उरलेली नाही, हे याचे मुख्य कारण आहे. डोटा हा मूळचा वॉरक्राफ्ट ३ या खेळावर हौशी लोकांनी रचलेला नकाशा होता, आणि आम्ही पुण्यात वसतिगृहाच्या लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर, तो खेळायचो तेव्हा दहा मुले जमली नाहीत तर सामना रंगतच नसे. दहावा भिडू मिळावा म्हणून कधीही न खेळलेल्या मुलाला खोलीतून ओढून आणावे लागे, आणि तो दुसऱ्या दिवशीही यावा म्हणून त्याला शिकवावेही लागे. शेवटचा घाव आपला बसला तरच सोने मिळते, बुरुजाच्या माऱ्यात उगाच शिरायचे नाही, अशा साध्या गोष्टी कुणीतरी त्याच्या खुर्चीमागे उभे राहून सांगत असे. शिव्या तेव्हाही होत्या आणि त्या सभ्य नव्हत्या. परंतु शिवी देणाऱ्याला रात्री त्याच मुलाशेजारी मेसमध्ये जेवायचे असे. आज सर्व्हरच दहावा भिडू शोधून देतो, आपण हाकलून दिलेल्याच्या जागी अकरावा आणून बसवतो आणि त्यांपैकी कुणाचेही तोंड आपल्याला पुन्हा पाहावे लागत नाही. शिकवण्याचे कष्ट घ्यावेत असे काही कारणच शिल्लक राहिलेले नाही.

लोक मुळातच वाईट आहेत, असे मी म्हणणार नाही. लीग ऑफ लेजंड्स हा असाच सांघिक खेळ चालवणाऱ्या रायट कंपनीने याबाबत केलेले प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात. सातत्याने वाईट वागणारे खेळाडू तिथे सुमारे एक टक्काच निघाले आणि एकूण शिवीगाळीत त्यांचा वाटा साधारण पाच टक्के होता. बाकीची बहुतेक शिवीगाळ एरवी नीट वागणाऱ्यांकडून होत होती. विरोधी संघाशी होणारे चॅट मुळात बंद ठेवून, हवे असल्यास ते सुरू करण्याची मुभा खेळाडूंना दिली, तेव्हा चॅटचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले आणि त्यातला वाईट मजकूर मात्र सुमारे एक तृतीयांशाने घटला. आणखी एका प्रयोगात, चूक झालेल्या सहकाऱ्याला त्रास दिल्यास तो आणखी वाईट खेळतो, अशी सूचना लाल अक्षरांत दाखवली गेली आणि आक्षेपार्ह भाषा ११ टक्क्यांनी कमी झाली. एका ओळीने एवढा फरक पडत असेल, तर ‘गेमिंग म्हटले की हे चालायचेच’ हे वाक्य मला मान्य होणे शक्य नाही.

मुलींचा अनुभव याहून कठीण असतो, कारण त्यांना आवाजावरूनच नवखे ठरवले जाते. हेलो ३ या खेळावरील २०१५ च्या एका अभ्यासात, स्त्रीचा आवाज ऐकू आल्यावर सर्वाधिक आक्रमक होणारे पुरुष हे कमी कौशल्याचे होते असे आढळले. चांगले खेळणाऱ्यांना तिच्या असण्याने काही अडचण नव्हती. माझ्या ओळखीच्या ज्या मुली असे खेळ खेळतात, त्यांतल्या बहुतेक जणी अनोळखी संघात माइक सुरूच करत नाहीत, आणि मग ‘ही बोलत नाही’ म्हणूनही त्यांनाच दोष दिला जातो.

डोटा २ ने २०२१ मध्ये नवख्यांसाठी मोजक्या नायकांचा वेगळा प्रकार सुरू केला. आपल्याकडे गल्लीतल्या खेळांत धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेतात, त्याच्यावर राज्य येत नाही, पण त्याला खेळू मात्र देतात. तसाच हा उपाय आहे आणि तो मला योग्य वाटतो. दुसऱ्या बाजूने, नवख्यांत मुद्दाम मिसळून त्यांना चिरडणाऱ्या निष्णात खेळाडूंची, म्हणजे स्मर्फ लोकांची, ९०,००० खाती २०२३ मध्ये बंद करण्यात आली, हेही चांगलेच झाले. परंतु नवख्यांच्या या प्रकारातून बाहेर पडलेला खेळाडू सर्वसाधारण रांगेत आला की त्याच्याभोवती पुन्हा तेच चौघे असतात.

तिथे काय करता येईल, याबद्दल माझे म्हणणे असे आहे. नव्या खात्याला पहिल्या शंभर सामन्यांत अनोळखी सहकाऱ्यांचे लिखित आणि बोललेले शब्द मुळात बंद असावेत, नकाशावर खूण करण्याची सोय तेवढी खुली असावी, आणि ज्याला ऐकायचे आहे त्याने ते स्वतःहून सुरू करावे. संवादाशिवाय सांघिक खेळ खेळता येत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पण ‘इकडे ये’, ‘मागे फीर’, ‘शत्रू दिसत नाही’ एवढे सगळे त्या खुणांनी सांगता येते, आणि पहिल्या शंभर सामन्यांत नवख्या माणसाला याहून अधिक काही ऐकून त्याप्रमाणे वागताही येत नाही.