डी९० जुळतो, तरी गोळी का बिघडते?

‘मॅग्नेशियम स्टिअरेटच्या दोन लॉटचा डी९० सारखाच आहे, मिसळण्याची वेळही तीच, तरी एका लॉटच्या गोळ्या मऊ पडतात आणि डिझोल्युशन मंदावतं. असं का?’ क्यूसीतली (गुणवत्ता तपासणीतली) मंडळी हे वारंवार विचारतात. मॅग्नेशियम स्टिअरेट म्हणजे गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात ती वंगणाची पूड. डी९० म्हणजे ९० टक्के भुकटी ज्याच्यापेक्षा बारीक असते तो व्यास, आणि डिझोल्युशन म्हणजे गोळीतलं औषध विरघळणं.

डी९० मोजणारं लेझर यंत्र प्रत्येक कण गोल धरतं. स्टिअरेटचे कण मात्र पापुद्रे असतात. शिवाय डी९० कणांच्या संख्येवर नाही, घनफळावर काढलेला असतो. १०० मायक्रॉनच्या एका कणात १ मायक्रॉनचे १० लाख कण मावतात, त्यामुळे बारीक भुकटी या आकड्यात दडून जाते. ग्रॅन्युलवर (औषधाच्या दाण्यांवर) पसरून दाण्यांना घट्ट जुळू न देणारा, पाणी अडवणारा थर करणारं पृष्ठफळ मात्र तिच्यातच असतं.

हिशोब करून बघा. ६ ला घनता आणि मायक्रॉनमधला व्यास यांच्या गुणाकाराने भागलं, की गुळगुळीत गोल कणांचं पृष्ठफळ चौरस मीटर प्रति ग्रॅममध्ये मिळतं. १० मायक्रॉन आणि १.१ घनतेला (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) ते जेमतेम ०.५५ येतं. बीईटीने (पावडरवर बसणाऱ्या वायूवरून पृष्ठफळ मोजायच्या पद्धतीने) ५ आलं, तर बाकीचं पृष्ठफळ पातळ पापुद्र्यांचं, बारीक कणांचं आणि भेगांचं. लेझरला ते दिसत नाही.

म्हणून बीईटी कराच, पण डिगॅसिंग (मोजणीआधी पावडरवरचा ओलावा आणि वायू काढणं) सांभाळून. घाईने तापमान वाढवलं, की स्टिअरेटमधलं स्फटिकजल निघतं, पापुद्रे बदलतात आणि मोजलेलं पृष्ठफळ मूळ पावडरचं राहत नाही. अमेरिकन फार्माकोपियात म्हणूनच ४० अंशांवर २ तास दिले आहेत. अर्धवट डिगॅसिंग झालं तर ओलावा जागा अडवून बसतो आणि आकडा कमी येतो. व्हॅक्यूम हळूहळू उघडा, नाहीतर हलकी पावडर उसळून नळीबाहेर जाते. वजन डिगॅसिंगनंतरचंच धरा. ओलाव्यापोटी ४ टक्के वजन घटलं असेल, तर आधीच्या वजनाने उत्तर तेवढंच चुकतं.

मोजणीतले सापेक्ष दाबाचे (वायूचा दाब भागिले त्याचा संपृक्त दाब) बिंदू ०.०५ ते ०.१५ मध्येच घ्या आणि त्यांतून काढलेल्या सरळ रेषेचा सहसंबंध गुणांक ०.९९७५ च्या खाली गेला तर आकडा नोंदवू नका. नळीत एकूण निदान १ चौरस मीटर पृष्ठफळ हवं, म्हणजे ५ च्या लॉटला ०.२ ग्रॅम पुरे. तरी आम्ही अर्धा ग्रॅम घेतो, कारण इतक्या हलक्या पावडरीत वजनातली छोटी चूकही महागात पडते.

आणि सॅम्पल ड्रमच्या वरच्या थरातून चमचाभर उचलू नका. वाहतुकीच्या हादऱ्यांनी बारीक कण खाली झिरपलेले असतात. वर, मध्ये, तळाशी, तिन्ही ठिकाणी सॅम्पलिंग थीफ (खोलातून नमुना काढायची नळी) घालायलाच हवा.