पुळणीत ठोकलेला पाइप आणि घरी जुळवलेला हापसा

आमच्या किनाऱ्याकडच्या वाडीत मे अखेरीलाही गोडं पाणी दहा-बारा फुटांवर लागतं. तेवढ्यासाठी बोअरची गाडी बोलावण्यापेक्षा सव्वा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप वाळूत ठोकला. जांभ्यात किंवा कातळात हा उद्योग करू नये. आणि ठोकायचा तो मेमध्येच. पावसाळ्यात पाणी वर आलेलं असताना ठोकलेला पाइप उन्हाळ्यात कोरडा पडतो.

पाइप लाल पट्ट्याचा, सी क्लास म्हणजे जाड घेतला. खालच्या तीन फुटी तुकड्याला 8 मिमीची भोकं पाडली, टोक लोहाराकडून चेपून टोकदार करून वेल्डिंगने बंद केलं. जाळी थेट पाइपावर गुंडाळली तर फक्त भोकांवरची जाळी पाणी घेते, बाकीची फुकट. म्हणून आधी पितळी तार अंतर ठेवून वेढली, त्यावर 60 मेशची (इंचाला 60 छिद्रांची) पितळी जाळी आणि कडांना कथलाचा डाग देऊन ती जोडली. ठोकताना जाळी फाटते ती वरच्या कोरड्या थरात. तिथे पाणी ओतत हाताच्या ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) आधी भोक घेतलं आणि ओल्या वाळूपासून पुढेच ठोकलं.

वर पाच-पाच फुटी तुकडे. आटे थोडे लांब पाडून घेतले, म्हणजे सॉकेटच्या (दोन पाइप जोडणाऱ्या आटेदार नळीच्या) आत दोन्ही पाइपांची तोंडं टेकतात आणि घणाचा मार आट्यांवर येत नाही. माथ्यावर जाड टोपी हवीच. दर फूटभराने पाइप पान्याने आवळायचा, नाहीतर सांधा ढिला पडून पुढे हवा ओढतो. दोरीला नट बांधून आत सोडला की पाणी किती वर आहे ते कळतं. वरून ओतलेलं पाणी झटकन उतरलं तर थर वाळूचा. तुंबून राहिलं तर चिकणमातीचा. पाण्याखाली पाच-सहा फूट गेल्यावर थांबलो. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, जास्त खोल जाण्याचा मोह महागात पडतो. मोटरने भसाभस ओढलं तरीही खारं वर चढतं, म्हणून हापसाच बरा.

हापशाला दोन इंची जाड पीव्हीसीचा दोन फुटी तुकडा, खाली रेड्युसर (जाड नळी बारीक पाइपाला जोडणारा तुकडा) आणि उभा बसणारा पितळी एनआरव्ही, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप. दट्ट्या म्हणजे नायलॉनच्या दोन चकत्या, मध्ये रात्रभर खोबरेलात भिजवलेला चामड्याचा वायसर, वर सायकलच्या ट्यूबची झडप. दांड्याला 12 मिमीची सळई. 25 सेंमीच्या ओढीला साधारण अर्धा लिटर येतं. पीव्हीसी आडव्या जोराने तडकतं, त्यामुळे हापसा खांबाला क्लॅम्पने बांधला. सुरुवातीला गढूळ आणि वाळूमिश्रित पाणी येतं. नितळ होईपर्यंत उपसत राहायचं. पिण्याआधी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावं आणि एकदा तपासून घ्यावं. संडासाचा शोषखड्डा किमान 50 फूट लांब हवा.

दांडा हलका लागतो आणि नुसती हवा येते, तर सांधा गळतोय. वर ओढलेला दांडा आपोआप खाली खेचला जातो, तेव्हा जाळी चोंदलेली असते. रोज सकाळी वरून पाणी घालावं लागत असेल तर एनआरव्हीत वाळूचा कण अडकलाय. उघडून धुतला की भागतं. पंप फार दिवस बंद ठेवला तर वायसर सुकून आकसतो, तेव्हा तो काढून पुन्हा तेलात टाकायचा.