आंबोलीत सालीवरचे स्लाइम मोल्ड शोधायचे तर जुलैत जाऊ नका

"भर पावसात जा, झाडागणिक स्लाइम मोल्ड दिसतील," असं मला सांगितलं होतं. (स्लाइम मोल्ड म्हणजे बुरशीसारखे दिसणारे, बीजाणूंनी पसरणारे, पण बुरशी नसलेले सूक्ष्म जीव.) सालीवरच्या जातींपुरता हा सल्ला साफ चुकीचा आहे. जुलैत तीन दिवस आंबोलीत सालींना भिंग लावलं. दिसलं ते शेवाळ, दगडफूल आणि पाण्याचे ओघळ. सततच्या पावसात बीजाणू धुऊन जातात आणि शेवाळाखाली मोकळी साल उरतच नाही. कोस्टारिकातल्या जंगलांची तुलना झाली तेव्हाही कोरड्या जंगलात जाती जास्त भरल्या, ढगांतल्या जंगलात कमी.

कुजक्या ओंडक्यांवर मात्र जुलैत सेरॅटिओमिक्सा या स्लाइम मोल्डचे पांढरे तुरे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यांच्यासाठी खुशाल जा.

पण ओढ्याकडे उतरणारी वाट कुणी कितीही सुचवली तरी घेऊ नका. जांभ्यावर शेवाळाचा थर, आधाराला कारवी, तीही मुळासकट हातात येते. दोनशे पावलांना पाऊण तास लागला. जळवा मोज्यांच्या आत शिरल्या. आणि खाली एकही नमुना नाही! सावंतवाडी स्टेशनवर गाडीवाल्याने 'पावसाळी दर' म्हणून दुप्पट पैसे घेतले, तो राग अजून आहे. एसटीनेच जा.

डिसेंबरात पुन्हा गेले. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी एक दिवस निवांत गेला. दुसऱ्या दिवशी एका बागायतदाराला विचारून बांधावरच्या आंब्याचे आणि ऐनाचे सुटलेले कोरडे ढलपे घेतले. वनहद्दीत लेखी परवानगीशिवाय सालीला हात लावू नका. ढलपे कागदी पाकिटातच ठेवा. जुलैतले प्लॅस्टिकमध्ये बुरशीने खाल्ले.

सालीवरचे बीजाणू उगवावेत म्हणून घरी पेट्री डिशमध्ये (झाकणाच्या उथळ बशीत) गाळणकागदावर ढलपे एका थरात मांडून डिस्टिल्ड पाण्यात भिजवायचे, २४ तासांनी जादा पाणी ओतून टाकायचं, डिश उन्हापासून दूर ठेवायची. अकराव्या दिवशी ऐनाच्या सालीवर एकिनोस्टेलियम मिनुटम हे स्लाइम मोल्ड उगवलं! केसाहून बारीक देठावर पांढरा मणी, सगळी उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. जंगलात उभं राहून हे दिसणं शक्यच नाही, स्टीरिओ मायक्रोस्कोप लागतोच. त्या रात्री मी झोपले नाही. तिसऱ्या आठवड्यात आर्सिरिया सिनेरिया या दुसऱ्या जातीचे करडे तुरे आले.

आंब्याची डिश रिकामी दिसली म्हणून दोन महिन्यांनी धुऊन टाकली, ती चूक करू नका. तीन महिने ठेवा, मध्ये एकदा पूर्ण सुकू द्या आणि पुन्हा भिजवा.