फुंशालच्या माळ्यांवर मुरलेली वाइन: मदेरा बेटावरील टेस्टिंगचा वृत्तांत

जुनी वाइन म्हणजे काय, हे स्वतःच्या जिभेने समजून घ्यायचे असेल तर फ्रान्सच्या आधी मदेराला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यामागचे कारण निव्वळ व्यवहारी आहे. बोर्दोची चाळीस वर्षांची बाटली एकदा उघडली की तिचा बहर काही तासांत ओसरतो, त्यामुळे ती सहसा कोणी पेल्याच्या हिशोबाने विकत नाही. अख्ख्या बाटलीचे पैसे मोजायचे आणि ती खराब निघाली तर कपाळाला हात लावायचा, एवढेच आपल्या हाती राहते. मदेरा बेटाची त्याच नावाची वाइन मात्र मुळातच उष्णता आणि हवा सोसून तयार होते, त्यामुळे उघडलेली बाटलीही महिनोन्महिने टिकते. म्हणूनच या पोर्तुगीज बेटाच्या राजधानीत, म्हणजे फुंशालमध्ये, १९७०च्या दशकातल्या वाइनचा छोटासा पेला मागवून, शांतपणे हुंगून, शेजारच्या पेल्यातल्या तरुण वाइनशी ताडून पाहता येते. शिकणाऱ्याला याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही.

मुंबईहून थेट विमान नाही. आखातातल्या किंवा युरोपातल्या एखाद्या शहरावरून लिस्बन गाठायचे आणि तिथून सुमारे पावणेदोन तासांचे उड्डाण करायचे. व्हिसा शेंगेनचाच चालतो. फुंशालच्या विमानतळाच्या धावपट्टीचा मोठा भाग समुद्रकाठी काँक्रीटच्या खांबांवर उभा आहे आणि वारा आडवा झाला की विमाने शेजारच्या पोर्तो सांतो बेटाकडे किंवा परत मुख्य भूमीकडे वळवली जातात. त्यामुळे परतीच्या प्रवासात लिस्बनला एक मुक्काम ठेवावा. त्याच दिवसाचे मुंबईचे विमान पकडण्याचा हिशोब करू नये. शहराचा मध्यभाग पायी फिरता येतो आणि महत्त्वाच्या वाइनपेढ्यांपैकी दोन एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षबागांत वाइनवाल्यांना उन्हाची धास्ती असते. द्राक्षे पहाटे खुडायची, रस गार टाक्यांत ठेवायचा, सारी धडपड उष्णता दूर ठेवण्यासाठी. मदेरात नेमके उलटे घडते. अठराव्या शतकात अतलांतिकातून हिंदुस्थानाकडे निघालेली जहाजे इथे थांबून वाइनची पिंपे चढवीत. उष्ण कटिबंधातून महिनोन्महिने हेलकावे खाऊन जी पिंपे न विकता परत आली, त्यांतली वाइन बिघडण्याऐवजी सुधारलेली आढळली. पुढे लोक मुद्दाम पिंपे फेरीला पाठवू लागले आणि अशा वाइनला ‘व्हिन्यु दा रोदा’ म्हणजे फेरी मारून आलेली वाइन म्हणत. मुंबई आणि कलकत्त्याच्या कंपनी अधिकाऱ्यांच्या मेजावर मदेरा असे ती याच मार्गाने आलेली. जहाजाचा खर्च टाळून तोच परिणाम बेटावरच साधण्याचे दोन मार्ग आज प्रचलित आहेत. स्वस्त वाइन टाक्यांत ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून किमान तीन महिने ठेवतात. चांगली वाइन मात्र पिंपांत भरून कौलांखालच्या उबदार माळ्यांवर वर्षानुवर्षे मुरू देतात. या दुसऱ्या पद्धतीला ‘कान्तेइरु’ म्हणतात. पिंपातून पाणी हळूहळू उडून जाते, साखर आणि आम्लता दाट होत जातात, हवेच्या संपर्काने रंग सोनेरीकडून तपकिरीकडे सरकतो. अल्कोहोल साधारण १९ टक्क्यांच्या आसपास असते, कारण आंबण्याची क्रिया मध्येच थांबवण्यासाठी तीत ९६ टक्के शुद्धतेचा द्राक्षांचा मद्यार्क घातलेला असतो. तो लवकर घातला तर गोडी जास्त उरते, उशिरा घातला तर कमी.

सुरुवात अवेनिदा अरियागा या रस्त्यावरील ब्लँडीज लॉज या वाइनपेढीपासून करावी. १८११पासूनच्या या पेढीचे आवार म्हणजे फ्रान्सिस्कन मठाची जुनी जागा आहे आणि माहितगारासोबत फिरताना माळ्यांवरील पिंपांच्या रांगा जवळून पाहता येतात. सर्वांत वरच्या, सर्वांत उबदार मजल्यावरून वाइन वर्षागणिक खालच्या, त्यामानाने गार मजल्यांवर उतरवली जाते. जुन्या लाकडाचा, ओल्या भिंतींचा आणि मनुकांचा जो एकत्रित वास तिथे येतो, तो लक्षात ठेवावा, कारण पुढच्या बहुतेक पेल्यांत त्याचा काही ना काही अंश सापडतो. फेरीची नोंदणी आगाऊ करावी, विशेषतः बंदरात मोठे क्रूझ जहाज लागले असेल त्या दिवशी. त्या गर्दीत पेला नाकाशी नेऊन विचार करायला कोणी उसंत देत नाही.

इथे दहा वर्षे मुरलेल्या चार प्रकारांचे पेले ओळीने घ्यावेत: सेर्सियाल, वेर्देल्यु, बोआल आणि माल्वासिया. ही द्राक्षांची नावे आहेत आणि याच क्रमाने गोडी वाढत जाते. सेर्सियाल कोरडी, म्हणजे गोडी न जाणवणारी, म्हणवली जात असली तरी तीत लिटरमागे पन्नासएक ग्रॅम साखर असू शकते. ती जाणवत नाही, कारण आम्लता तिला पुरती झाकून टाकते. मदेराची सारी मदार या आम्लतेवर आहे. ज्वालामुखीजन्य जमीन, डोंगरउतारावरील बागा आणि लवकर होणारी तोडणी यांमुळे द्राक्षांत ती टिकून राहते आणि तिच्यामुळेच माल्वासियासारखी गोड वाइनही घशाशी येत नाही. सेर्सियालमध्ये मला लिंबाची साल आणि बदाम मिळाले, वेर्देल्युमध्ये वाळलेले संत्रे आणि किंचित धूर, बोआलमध्ये मनुका आणि कॉफी, माल्वासियामध्ये सुके अंजीर आणि काकवी. माझी पसंती वेर्देल्युला आहे. माल्वासियाची पहिल्या भेटीत भुरळ पडते, पण दुसऱ्या पेल्याची इच्छा क्वचितच होते.

वर्णन करताना इंग्रजी पुस्तकांतली शब्दावली पाठ करून जाण्याची गरज नाही. तिथल्या माहितगाराने मेपल सिरपचा उल्लेख केला तेव्हा बरोबरच्या भारतीय मंडळींना काही बोध होईना. तोच वास मेथीचा आहे, हे लक्षात येताच सगळ्यांच्या माना डोलल्या. हा योगायोग नव्हे. सोटोलोन नावाचे जे संयुग मेथीदाण्यांना त्यांचा ओळखीचा वास देते, तेच वाइन हवेच्या सान्निध्यात दीर्घकाळ मुरताना तीत तयार होते आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढत जाते. मेथीच्या लाडवांवर पोसलेल्या नाकाला मदेराचे वय ताडण्यासाठी यापेक्षा भरवशाची खूण मिळणार नाही. तीच गोष्ट काकवीची, खारकेची आणि अक्रोडाच्या तुरट सालीची. आपल्या नाकाने जे हजारदा ओळखले आहे तेच नाव वहीत लिहावे. मात्र पाच-सहा वासांची यादी म्हणजे वर्णन नव्हे. कोणता वास आधी आला, कोणता हवा लागल्यावर वर आला आणि कोणता विरला, हे नोंदवले तरच ती नोंद वर्षभराने वाचताना उपयोगी पडते.

दुसरा मुक्काम रुआ दुश फेरेइरुश या रस्त्यावरील परेरा द’ओलिवेरा या पेढीचा. १८५०मध्ये स्थापन झालेल्या या घराण्याकडे एकाच वर्षाच्या, एकाच द्राक्षाच्या जुन्या वाइनचा साठा अपूर्व आहे आणि तो एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो. बाटल्यांवर कागदी लेबलाऐवजी पांढऱ्या रंगाने साचा ठेवून अक्षरे रंगवलेली असतात. दालन अंधारे, चहूबाजूंनी पिंपे आणि मध्ये लाकडी मेजे. जुन्या वर्षांच्या पेल्यांसाठी वेगळे पैसे पडतात, म्हणून दरपत्रक आधी मागून घ्यावे. विचारण्यात कमीपणा काहीच नाही. शनिवार-रविवारच्या वेळा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी.

मी १९७३च्या वेर्देल्युवर बराच वेळ घालवला. पेला तिरपा करून पांढऱ्या कागदावर धरला तेव्हा मध्यभागी रंग जुन्या शिसवीचा होता, कडेला पातळ होत होत पिवळा आणि अगदी काठावर किंचित हिरवट. ही हिरवट झाक खूप जुन्या मदेराची ओळख मानली जाते. पहिला वास आला तो नखांच्या पॉलिशचा. नवख्या माणसाला इथेच वाइन बिघडल्याची शंका येते; पण जुन्या मदेरात उडनशील आम्लांचा आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या एस्टर या वासाच्या संयुगांचा हा अंश अपेक्षित असतो आणि थोडा असेल तर तो बाकीच्या वासांना उचलून धरतो. पंधरा मिनिटे वाट पाहूनही दुसरे काही जाणवले नाही तरच तो दोष समजावा. या पेल्यात तो दहाएक मिनिटांत बसला आणि त्यामागून वाळलेल्या संत्र्याची साल, भाजलेली मेथी आणि बंद सागवानी पेटी उघडताना येतो तसा कोरडा लाकडी वास आला. जिभेवर आधी गोडी, लगेच जबडा आवळणारी आंबट धार, शेवटी खारट म्हणावी अशी एक रेघ. गिळल्यानंतर मिनिटभराने अक्रोडाचा कडवटपणा राहिला होता आणि गोडीचा मागमूस नव्हता. शेजारचा १९७७चा बोआल अधिक मोकळा आणि खुशालचेंडू वाटला: कॉफी, खजूर, जळत आलेली साखर. बहुतेकांना तोच आवडेल.

इथे एक गोष्ट आवर्जून विचारावी, ती म्हणजे बाटली कोणत्या साली भरली. मदेरा मुरते पिंपात. बाटलीत गेल्यावर तिचा बदल अगदी मंदावतो. त्यामुळे १९७३ची जी वाइन वीस वर्षांनी बाटलीत गेली आणि जी चाळीस वर्षांनी गेली, त्या दोन वेगळ्या वाइन असतात, जरी द्राक्षे एकाच हंगामाची असली. बाटली भरल्याचे साल बहुधा मागच्या बाजूस लिहिलेले असते. एकाच द्राक्षाची, एकाच वर्षाची आणि पिंपात किमान वीस वर्षे राहिलेली वाइन ‘फ्रास्केइरा’ ठरते. किमान पाच वर्षे राहिलेली एका वर्षाची वाइन ‘कोल्येइता’. पाच, दहा, पंधरा, वीस असे आकडे असलेल्या बाटल्या मात्र मिश्रणाच्या असतात आणि तो आकडा त्या वाइनच्या दर्जाचा व शैलीचा निर्देश करतो. बेटावरील वाइन संस्थेचे परीक्षक मंडळ चाखून त्याला मान्यता देते. लेबलावर द्राक्षाचे नाव नसेल तर ती बहुधा तिंता नेग्राची, म्हणजे बेटावर सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या काळ्या द्राक्षाची असते. हे नाव लेबलावर ठळक लिहिण्याची मुभा अलीकडची आहे आणि या द्राक्षाला कमी लेखण्याची जुनी सवय आता सोडायला हवी.

एकोणिसाव्या शतकातल्या वाइनच्या पेल्याचा मोह होईल. माझ्या मते पहिल्या भेटीत तो आवरावा. अतिदाट, अतिआंबट आणि कडवट झालेल्या वाइनमध्ये नेमके काय शाबूत राहिले आहे हे ओळखण्यासाठी आधी दहा, वीस आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या पायऱ्या चढलेल्या असाव्या लागतात. नाहीतर आपण साल विकत घेतो, चव नव्हे. तेवढ्याच पैशांत वीस वर्षांच्या दोन-तीन उत्तम वाइन चाखून होतात.

दिवसाची आखणी करताना सकाळी अकराच्या सुमारास सुरुवात केलेली बरी. पोटात काहीतरी असावे, पण लसूण किंवा तिखट नको. अंगाला अत्तर लावू नये. कोरड्याकडून गोडाकडे आणि तरुणाकडून जुन्याकडे जावे, दोन्ही नियम एकमेकांना छेद देत असतील तर गोडीचा नियम पाळावा. १९ टक्के अल्कोहोल पेल्यागणिक चढते, त्यामुळे थुंकदाणी मागून घ्यावी आणि दिवसाला पाच-सहा पेल्यांपलीकडे जाऊ नये; त्यानंतरच्या नोंदी उत्साही असतात, विश्वासार्ह नसतात. बागा पाहायला काम्रा दे लोबुश आणि त्याच्या वरच्या एश्त्रेइतू गावाकडे जायचे झाल्यास बस किंवा टॅक्सी करावी, भाड्याची मोटार नको. तिथे डोंगरउतार दगडी बांधांच्या अरुंद पायऱ्यांमध्ये कापलेला आहे, वेली मांडवांवर चढवलेल्या आहेत आणि मांडवाखाली भाज्या लावलेल्या दिसतात. तोडणी आणि वाइनचा उत्सव ऑगस्टअखेर व सप्टेंबरच्या सुरुवातीला असतो. तेव्हा वातावरण उत्तम, पण शांतपणे चाखण्यासाठी वसंत ऋतूच बरा.

शाकाहारी मंडळींना मक्याच्या पिठाचे तळलेले चौकोनी तुकडे, म्हणजे ‘मील्यु फ्रितु’, आणि लसूण-लोण्यात भिजवलेली ‘बोलु दु काकु’ ही गरम भाकरी सर्वत्र मिळेल. ती टेस्टिंगनंतर खावी. माल्वासियाबरोबर उसाच्या काकवीचा दाट केक, ‘बोलु दे मेल’, देण्याची प्रथा आहे. पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते, म्हणून आधी विचारून घ्यावे.

बाटल्या आणायच्या असतील तर भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि जागा उरल्यास एक छोटी. निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. एक दहा वर्षांची वेर्देल्यु आणि एक वीस वर्षांची बोआल ही जोडी मला सर्वांत किफायतशीर वाटली. घरी आल्यावर बाटली आडवी न ठेवता उभी ठेवावी, कारण ही वाइन बुचाला कालांतराने खाऊन टाकते. फ्रास्केइरा आणलीच असेल तर ती पिण्याच्या काही दिवस आधी उघडून, काचेच्या सुरईत ओतून ठेवावी. बाटलीत दीर्घकाळ कोंडलेला वास जायला तेवढा वेळ लागतो. उघडलेली बाटली बूच लावून कपाटातल्या गार, अंधाऱ्या खणात सहज काही महिने राहते, आणि पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यातही तिची काळजी करावी लागत नाही.