मधला चरण

आई हरिपाठ म्हणायची तेव्हा मधेमधे थांबायची. दिवेलागणीला कुकर लावून, परातीत कणीक मळता मळता चालायचं तिचं. एक चरण म्हणायची, मग गप्प. हात चालूच. आणखी एक चरण म्हणून व्हावा इतका वेळ गेला की पुढचा घ्यायची. धाकटा भाऊ म्हणायचा, "आईची कॅसेट अडकते." मला हे लवकर आटोपून टीव्ही लावायची घाई, म्हणून ती गप्प झाली की मी पुढचा चरण घुसडायचे. ती रागवायची नाही. पिठाचा हात वर करून 'थांब' म्हणायची आणि तेवढंच थांबून तोच चरण पुन्हा स्वतः म्हणायची. तिला दम लागत असेल, नाहीतर पुढचं आठवत नसेल, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

ती जाऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी मी आळंदीहून चालायला निघाले ते काही तिच्यासाठी वगैरे नव्हे. मामाच्या गावची माणसं माउलींच्या सोहळ्यात रथामागच्या एका दिंडीत असतात. पन्नाशी जवळ आली, गुडघे ऐकताहेत तोवर एकदा चालून घ्यावं, एवढंच मनात. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी, भरली, पिशवी ट्रकमध्ये टाकली आणि रांगेत उभी राहिले. आई लग्नाआधी तिच्या आजोबांबरोबर दोनदा पंढरपूरला चालली होती, हे माहीत होतं. कुठल्या दिंडीतून, ते कधी विचारलं नाही.

पुण्याहून निघतात तो दिवस एकादशीचा, आणि त्याच दिवशी दिवेघाट. रथाला गावकऱ्यांच्या जादा बैलजोड्या लावतात, माणसाला कोण लावणार? सकाळपासून पोटात साबुदाण्याची खिचडी, वरून भुरभुर पाऊस, अंगाला चिकटलेला प्लॅस्टिकचा कागद. अर्ध्या घाटात माझा आवाज बसला आणि आवाजाबरोबर पायही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तोंड मिटू नका माऊली, तोंड मिटलं की पाय मोजायला लागतंय माणूस." खरं होतं. टाळावर पाऊल पडत होतं तोवर चढ जाणवत नव्हता. सासवडला पोचले तेव्हा टाचेला रुपयाएवढा फोड होता. त्यांनीच त्यातून सुईदोरा ओवून पाणी काढलं आणि दोऱ्याचं टोक तसंच ठेवलं.

माझी समजूत अशी की वारीत ज्याला जे सुचेल ते तो गातो. तसं मुळीच नाही. सकाळी रूपाचे अभंग, काकड्याचे, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, पुढे गौळणी, दिवस कलताना हरिपाठ. सोमवारचे अभंग निराळे, मंगळवारचे निराळे. १८३२च्या सुमारास हैबतरावबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त घालून दिली, ती अजून पाळतात. पहिले दोन दिवस मला हे सगळं शाळेच्या वेळापत्रकासारखं वाटलं. भावना काय अशी घड्याळावर येते?

येते. वाल्ह्याच्या अलीकडे पाण्याच्या टँकरपाशी रांगेवरून माझं एका बाईशी वाजलं. चांगलंच वाजलं. तणतणत रांगेत परतले तर गौळण सुरू झालेली. मला काही कृष्णाच्या खोड्यांत रस नव्हता त्या क्षणी. पण बायका हसत होत्या, सत्तरीची एक आजी पदर खोचून फुगडीला उभी राहिली आणि जोडीदारीण म्हणून तिने नेमकी टँकरवालीच ओढली. मीही म्हणू लागले. आधी नुसते शब्द, मग टाळ्या. घरी आपण मन लागलं की गाणं लावतो. इथे गाणं आपल्या वेळेला येतं, मन मागून धापा टाकत पोचतं.

टाळ रुसतातसुद्धा, हे तळावर कळलं. मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात, चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे वळतात, ऐकून घेतात, तेव्हा कुठे ती गप्प होते. मला हे फार आवडलं. आमच्या ऑफिसात असतं तर रोज कानठळ्या बसल्या असत्या.

फलटण सोडून बरडकडे चाललो होतो. सरळसोट रस्ता, चारच्या सुमाराचं ऊन, सगळे थकलेले. हरिपाठ सुरू झाला. आमच्या दिंडीत हरिपाठ दोन बाजूंनी म्हणतात: पुढच्या रांगांनी चरण म्हणायचा, मागच्यांनी तोच पुन्हा घ्यायचा, तोवर पुढचे गप्प, नुसते टाळ. आठवडाभर रोज ऐकत होते, पण चपलेच्या अंगठ्यातून, फोडातून, घामातून. त्या दिवशी पुढून चरण आला, माझ्या शेजारच्या मावशी ओठ मिटून थांबल्या, तो संपल्यावर त्यांनी घेतला, पुन्हा थांबल्या. थांबताना त्यांची मान किंचित डावीकडे कललेली. आणि एकदम ती परात दिसली. तीच लांबी. बरोबर तेवढीच.

मी चालायची थांबले. मागच्या माणसाचा टाळ पाठीला लागला.

मावशींना सांगितलं. त्यांना त्यात नवल काही वाटलं नाही. "बायका मागंच चालत्यात की. म्होरल्यांनी म्हणायचं, आपण झील धरायची. तुमच्या मायला तसंच पाठ झालं असंल."

परात दिसली त्या क्षणी मला वाटलं होतं, आई म्हणून झाल्यावर थांबायची, कुणीतरी झेलावं म्हणून. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे ते उलट होतं. ती आधी ऐकायची. पहिला चरण कधी तिचा नव्हताच, तो पुढच्या रांगांचा. तिच्या आजोबांचा असेल, पखवाजाशेजारच्या कुणाचा असेल. आमच्या दोन खोल्यांच्या घरात, कुकरच्या शिट्टीत, ती तो पूर्ण होऊ द्यायची आणि मगच आपला घ्यायची. आणि मी मधे घुसायचे ते त्यांच्या जागेत. म्हणून तो हात.

हे पक्कं असंच होतं का? विचारायला ती नाही. फडाफडाची, म्हणजे वारकऱ्यांच्या एकेका परंपरेची, चाल निराळी, तिच्या दिंडीत काय रीत होती देव जाणे. मला पटलं, एवढं खरं.

भावाला फोन लावला. तो ऑफिसातून निघत होता. काही न सांगता फोन दिंडीकडे धरून चालू लागले. दोन-तीन अभंग गेले असतील. हात दुखायला लागला म्हणून फोन कानाशी घेतला तर पलीकडे नुसता रहदारीचा आवाज. वाटलं, ठेवला असेल.

"अगं," तो म्हणाला, "ही आईची कॅसेट. पण मधलं कोण म्हणतंय?"

"पुढचे."

"कोण पुढचे?"

सांगणार तोच रेंज गेली. पुढे टँकर उभा होता, मावशींनी स्वतःची बाटलीही माझ्या हातात दिली आणि मी रांगेत जाऊन उभी राहिले.